सामायिक मालमत्तेचा सांभाळ कोणी करायचा?

10 ऑगस्ट 2023 रोजी अमेरिकेतील हॅशिकॉर्प या कंपनीने आपल्या 'टेराफॉर्म' या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला. वरवर पाहता ही संगणकाच्या धंद्यातील एक किरकोळ घटना. परंतु उत्पादनसाधनांच्या मालकीचा प्रश्न ज्यांच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आहे, त्यांना तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आज बँकांचे, रुग्णालयांचे, सरकारी खात्यांचे कितीतरी व्यवहार 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या संगणककेंद्रांत चालतात. तेथे एका प्रत्यक्ष संगणकाचे विभाजन करून अनेक आभासी संगणक निर्माण केले जातात व भाड्याने दिले जातात. असे किती संगणक हवेत, ते कसे जोडावयाचे, हे एकदा लिहून दिले की त्याबरहुकूम ते उभारणे, बदलणे व मोडणे हे काम टेराफॉर्म करते. 2014 साली ते मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले. कोणीही ते वापरावे, वाचावे, सुधारावे, दुसऱ्यास द्यावे, अशी मुभा होती. या विश्वासावर कंपनीबाहेरच्या अनेक अभियंत्यांनी त्यात आपले श्रम ओतले.

नव्या परवान्याने कंपनीशी स्पर्धा करणाऱ्या सेवांना त्याचा वापर निषिद्ध केला. प्रत्येक आवृत्ती 4 वर्षांनी पुन्हा मुक्त व्हावयाची, एवढीच सवलत. इतर व्यापारी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसतात, परत काही देत नाहीत, हे कंपनीचे म्हणणे. त्यात मुळीच तथ्य नाही असे नव्हे. पण बाहेरच्यांनी दिलेल्या श्रमांचे काय? त्यांचे योगदान स्वीकारताना कंपनीने करार लिहून घेतला होता आणि त्या बळावरच परवाना बदलण्याचा अधिकार तिच्या एकटीच्या हाती राहिला. सभासदांनी भागभांडवल घालावे व उपविधी बदलण्याची मुखत्यारी एकट्या अध्यक्षाने खिशात ठेवावी, तसा हा प्रकार. पुढे एप्रिल 2024 मध्ये आयबीएमने ही कंपनी 6.4 अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले व फेब्रुवारी 2025 मध्ये व्यवहार पूर्ण झाला.

जुन्या मुक्त आवृत्तीवरून नवी शाखा काढण्याचा हक्क मात्र कोणी हिरावू शकले नाही. 'ओपनटोफू' नावाची ही शाखा सप्टेंबर 2023 मध्ये लिनक्स फाउंडेशनकडे गेली आणि जानेवारी 2024 मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली. याचा आनंद जरूर मानावा, पण तेथेच थांबू नये. या शाखेवर काम करणाऱ्या अभियंत्यांचे पगार प्रामुख्याने दिले कोणी? परवान्याच्या बदलामुळे ज्यांचा धंदा धोक्यात आला, त्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीच. एका भांडवलापासून सामायिक मालमत्ता वाचवली ती दुसऱ्या भांडवलाने. उद्या त्यांचे हितसंबंध पालटले, तर?

कारण हक्क शाबूत राहिला तरी काम उरतेच. क्लाउड पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या सेवा सतत बदलतात. प्रत्येक बदलागणिक जुनी जोडणी तुटते व कोणीतरी ती पुन्हा सांधावी लागते. सुरक्षेतील भगदाडे बुजवणे, आलेल्या तक्रारी वाचणे, परक्याने पाठवलेली दुरुस्ती ओळ न् ओळ तपासणे, ही कामे दिसत नाहीत आणि संपतही नाहीत. घरकामाप्रमाणेच ती झाली नाहीत तरच लक्षात येतात. अशा श्रमांना 'हौस' म्हणणे ही पिळवणुकीची सभ्य परिभाषा आहे.

मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण भारत सरकारने 2015 मध्ये जाहीर केले. त्याच्या नावातच 'स्वीकार' आहे, सांभाळ नाही. जर्मनीने 2022 पासून अशा पायाभूत सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधीतून पैसे देणे सुरू केले. आपली मागणी याच दिशेची असली पाहिजे. जी सरकारी खाती मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यांच्या अंदाजपत्रकात देखभालीची स्वतंत्र तरतूद हवी. ती करणाऱ्यांना नियमित वेतन हवे आणि मालकी कोणा एकाच्या हाती जाऊ न देणारी संस्थात्मक रचना हवी.

सामुदायिक मालकीची घोषणा आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. मालकी सामुदायिक आणि श्रम मात्र कोणा एकट्याचे फुकट, ही विसंगती आपल्या विचारात बसत नाही. विहीर सर्वांची असेल तर गाळ काढण्याची पाळीही सर्वांवर आली पाहिजे.