शुश्रूषेचा हात आणि वस्तादाची छडी



तालीम म्हटली की आपल्या खेडुतांच्या डोळ्यांपुढे लाल माती, जोर-बैठका आणि हाती छडी घेऊन उभा असलेला वस्ताद येतो. हल्ली बेळगाव-मडगावसारख्या शहरांत तालमीच्या जागी जिम आली, छडीच्या जागी शिट्टी आली. रीत मात्र बहुधा तीच राहिली : ‘आणखी दहा काढ!’ निरोगी पोरांना हा धाक मानवतो, अंगीही लागतो. पण हाच वस्ताद साठी उलटलेल्या गृहस्थापुढे किंवा दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या बाईपुढे उभा केला, तर त्याची विद्या अपुरी पडते. आजाऱ्याच्या उशाशी रात्री जागवणाऱ्या सुनेला किंवा परिचारिकेला जे सहज दिसते ते त्याच्या नजरेस येत नाही : चेहरा उतरला आहे, पाऊल अडखळते आहे, आणि ‘बरे आहे’ हे शब्द केवळ भिडेखातर उच्चारले गेले आहेत.

शुश्रूषा आणि व्यायाम यांची गाठ कशी पडावी, याचा उत्तम दाखला इंग्लंडात घडला. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतील यहुदी मज्जातंतुवैद्य. नाझींच्या छळामुळे १९३९ साली ते इंग्लंडात आश्रयाला आले आणि १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्या हाती आला. कमरेखाली लुळे पडलेले असे शिपाई त्या काळी फार दिवस जगत नसत. अंथरुणाला खिळून पाठीला पडणारे व्रण आणि मूत्रमार्गातील विकार त्यांचा घास घेत. गुटमन यांनी पहिला दंडक घातला तो साधा होता : दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, प्रत्येक रुग्णाची कूस बदलावयाची. हे काम अगदी आईने तान्ह्या लेकराचे करावे तसले.

व्रण भरू लागले, तशी खरी तालीम सुरू झाली. सैन्यातील एक व्यायामशिक्षक मदतीला होता. जड चेंडू झेलणे, चाकाच्या खुर्चीत बसून खेळणे, पुढे धनुर्विद्या. धनुष्याची निवड विचारपूर्वक होती. दोरी ओढताना खांदे, दंड व पाठ यांना बळ येते, आणि ज्याचे पाय गेले आहेत तोही धडधाकट माणसाशी बरोबरीने नेम धरू शकतो. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनच्या ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्या रुग्णालयाच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि २ स्त्रिया यांनी खुर्चीत बसून धनुर्विद्येचा सामना दिला. १९६० साली रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले, तेव्हा पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना भेट दिली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ ते हेच.

गुटमन मवाळ होते असे मात्र कोणी समजू नये. ते चांगलेच कडक होते. आजाऱ्याला कीव नकोशी असते. आपल्याकडून कोणी काही अपेक्षा करावी, असे त्याला मनातून वाटत असते. रुग्ण त्यांना ‘पॉपा’ म्हणत, यात काय ते आले.

या परंपरेत आपलाही एक माणूस आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते अधू झाले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या घरांकडे वळू. ‘शेतात राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असे आपण म्हणतो, आणि जोवर राबवते तोवर ते ठीकही आहे. पण आजी-आजोबांचे राबणे सुटले की पाय लवकर दुबळे होतात आणि मग पडण्याचे भय. जागतिक आरोग्य संघटना वृद्धांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखे श्रम आणि तीन दिवस तोल सावरण्याचा सराव सुचविते. शक्य होईल तेवढाच, हेही ती सांगते.

गावच्या जिममधील तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे. मात्र आरंभी ‘काल झोप लागली का? गुडघा कसा आहे?’ एवढे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. चालताना आजीला बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग जास्त झाला. छातीत दुखले किंवा घेरी आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. उठण्या-बसण्याच्या सरावासाठी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, समोर धरायला मेज असावे. उठताना दंड धरून ओढू नये. कमरेपाशी हात ठेवून उभे राहावे आणि त्यांचे त्यांना उठू द्यावे, मग त्याला कितीही वेळ लागो.