ओझे उतरवा, उपदेश आवरा!

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की राज्यभर एकच घोष सुरू होतो : ‘मुलांनो, ताण घेऊ नका!’ मंत्री सांगतात, मंडळ सांगते, मुख्याध्यापक सांगतात. हा उपदेश आता पुरे! मुले ताण घेत नाहीत, तो त्यांच्यावर लादला जातो. लादणारे हात मोठ्यांचे आहेत आणि त्यांना रोखण्याची सत्ता असूनही सरकार गप्प आहे.

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले; इतर कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. प्रत्येक मृत्यूमागे परीक्षाच होती, असे आम्ही म्हणत नाही. घरची भांडणे, गरिबी, आजार, छळ अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. पण या गुंत्यात सापडलेले मूल दिवसाचे सहा तास ज्या शाळेत काढते, तिथे त्याचे ऐकून घेणारे एकही माणूस नसावे?

त्या मुलाचा दिवस पाहा. पहाटे क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास, रविवारी टेस्ट सिरीज. जर्नलवरच्या सह्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा आणि चाचण्या एकाच आठवड्यात. खेळाचा तास गणिताने खाल्लेला. अकरावीला क्लास-कॉलेजच्या ‘इंटिग्रेटेड’ संगनमताच्या नावाखाली कॉलेज फक्त कागदावर. क्लासमध्ये गुणांप्रमाणे बॅचेस. गुण घसरले की खालच्या बॅचमध्ये रवानगी. निकाल लागताच चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स, आणि ज्याचा फोटो त्यावर नाही त्याने रोज त्याच चौकातून मान खाली घालून जायचे. याला शिक्षण म्हणत नाहीत, हा छळ आहे!

कायदा नाही म्हणून हे चालले आहे काय? मुळीच नाही! १९९३ साली यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षणाचा आराखडा सरकारच्या हाती दिला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मानसिक छळाला बंदी घातली. कलम २९ ने मुलाला भीती आणि चिंतेपासून मुक्त ठेवणारे शिक्षण बंधनकारक केले. जानेवारी २०२४मध्ये केंद्राने १६ वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नका, असे बजावले. जुलै २०२५मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानेच आदेश दिला : १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, गुणांवरून बॅचेस पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळा. एवढे सगळे असताना मुलांपर्यंत काय पोहोचते? परीक्षेच्या तोंडावर मंडळाने जाहीर केलेले समुपदेशकांचे मोबाइल क्रमांक! ज्या मुलाकडे स्वतःचा फोन नाही, त्याने काय करायचे? आणि परीक्षा नसलेल्या महिन्यांत घुसमटणाऱ्याने कुठे जायचे?

शिक्षकांवर खापर फोडून सरकारला सुटता येणार नाही. माहिती भरणे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांत त्यांना जुंपायचे आणि वर भरगच्च वर्गातल्या प्रत्येक मुलाचे मन ओळखा म्हणायचे, हा अन्याय आहे. पालकांनो, तुम्हीही यातून सुटत नाही. शेजारच्या मुलाचे टक्के आपल्या मुलाच्या ताटात वाढणे आजपासून थांबवा! हसते-खेळते मूल अबोल झाले, डबा तसाच परत येऊ लागला, शाळेचे नाव काढताच पोट दुखू लागले, तर ते नाटक समजू नका. शेजारी बसा, विचारा, मध्ये न बोलता ऐका. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करा, डॉक्टरांकडे न्या.

सरकारकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. समुपदेशकांची पदे मंजूर करून भरा. लहान शाळांसाठी फिरते समुपदेशक नेमा. गृहपाठ आणि चाचण्यांचे एकच वेळापत्रक प्रत्येक शाळेला सक्तीचे करा. खेळाचा तास पळवणाऱ्या शाळांवर आणि कागदी कॉलेजांवर कारवाई करा. आणि किती शाळांत समुपदेशक नेमले, त्याची जिल्हावार यादी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पटलावर ठेवा. यादी नसेल, तर न्यायालयाचा आदेश धाब्यावर बसवल्याची कबुली शिक्षणमंत्र्यांनी सभागृहात उभे राहून द्यावी!