अक्षहृदयाची किरकोळ विक्री

लास व्हेगासला वारंवार जाणाऱ्याने प्रथमच निघालेल्यास केलेला उपदेश हा आता स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा लागेल. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या प्रवासलेखनातही तो चांगला रुळला आहे. आमचा आक्षेप नैतिक नाही. जुगाऱ्याची दैना ऐकायची तर ऋग्वेदातले अक्षसूक्त आहे, आणि तिथे ती जुगारीच सांगतो. आमचा आक्षेप आहे तो या लेखकांच्या ‘आतल्या गोटातले’ असण्याच्या दाव्याला.

शनिवार-रविवार टाळा, भाड्याखेरीज ‘रिसॉर्ट फी’ धरून हिशेब करा, समोर दिसणारे हॉटेल उन्हात चालायला लागल्यावर फार लांब निघते, ही माहिती उपयोगाची आहे, मान्य. पण ती कोणताही टॅक्सीवाला देईल. जाणकारीचा खरा तोरा सुरू होतो तो जुगाराच्या टेबलाशी.

‘दोन शून्यांचे रूलेट टाळा, एका शून्याचे शोधा’ हा आवडता सल्ला घ्या. दोन शून्यांच्या चक्रावर ३८ घरे असतात आणि अचूक आकड्याला मिळतात पस्तीसपट. म्हणजे लावलेल्या दर शंभर डॉलरमागे सरासरी सव्वापाच डॉलर मालकाचे. एका शून्यावर हे प्रमाण २.७ वर येते. पण तिथे किमान डावही बहुधा मोठा असतो. दहा डॉलरचे टेबल सोडून पंचवीसच्या टेबलावर बसलेल्या शहाण्याचा दर फेरीचा सरासरी तोटा ५३ सेंटवरून ६८ सेंटवर जातो. (आम्ही मराठी शिकवतो, हा हिशेब आम्हालाही जमला.)

त्याहून मौज ‘फुकट’ खोलीची. सदस्यत्वाचे कार्ड दाखवत खेळा, मग राहणे-जेवण कॅसिनोच्या खर्चाने, असे आमचा जाणकार डोळे मिचकावून सांगतो. ते कार्ड काय मोजते? सरासरी डाव किती, तासाला किती डाव, खेळ किती तास आणि त्या खेळात मालकाचा वाटा किती. यांच्या गुणाकारातून येणाऱ्या अपेक्षित तोट्याचा एक हिस्सा खोली होऊन परत येतो. आपल्याच पैशाच्या या परताव्याला पाहुणचार समजणारा माणूस मालकाला कोणत्या गोटातला वाटत असेल?

महाभारतात नलाने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय मिळवले ते अश्वविद्या देऊन, आणि त्याच्या बळावर पुष्कराकडून राज्य परत जिंकले. ज्ञानाने डाव फिरला. व्हेगासातही असे एकदा घडले. गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी १९६२ साली ‘बीट द डीलर’ या पुस्तकात ब्लॅकजॅकची पाने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. नेवाडात डोक्याने पाने मोजणे गुन्हा नाही. तरी मोजणारा ओळखू आला की कॅसिनो त्याला खेळू देत नाही. मग नेहमी जाणाऱ्याचे दर खेपेला स्वागत होते, याचा अर्थ काय घ्यायचा? कॅसिनो तर रूलेटच्या चक्राशेजारी आधीच्या फेऱ्यांचे आकडे फलकावर स्वखर्चाने झळकवतो. पुढल्या फेरीशी त्यांचा काडीचाही संबंध नसतो. या टिपा त्याच फलकाच्या जातीच्या आहेत.

आणि ‘नेहमीचे’ म्हणून ज्यांना विचारावे ते या लेखनात औषधालाही सापडत नाहीत. व्हेगासात सुपरमार्केटातही जुगाराची यंत्रे असतात, आणि ती असतात गावच्या माणसांसाठी. मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाऊ शूल यांनी अशा खेळणाऱ्यांशी दीर्घकाळ बोलून ‘अॅडिक्शन बाय डिझाइन’ हे पुस्तक २०१२ साली प्रसिद्ध केले. त्यातली माणसे सांगतात, की आपण जिंकायला बसतच नाही. बसतो ते खेळत राहण्यासाठी, सगळ्या जगाचा विसर पडावा म्हणून. मोठी रक्कम हाती आली तर काहींची लयच मोडते, आणि ती रक्कम पुन्हा त्याच यंत्रात जाते.