बामणघळ आणि घरातील खर्ज

हेदवीच्या किनाऱ्यावर, उमामहेश्वर मंदिराजवळ, कातळात बामणघळ नावाची अरुंद भेग आहे. भरतीची लाट तीत शिरली की पाणी उंच उसळते आणि गंभीर नाद घुमतो. त्या नादात लाटेच्या बळाइतकाच घळीच्या आकाराचाही वाटा असतो. घरातील ध्वनिसंचालाही हाच न्याय लागू पडतो.

डग्ग्याचा घुमारा ऐकू येत नाही, म्हणून पुष्कळ कुटुंबे थेट मोठे स्पीकर विकत घेतात. त्याआधी खोलीचा हिशेब मांडणे श्रेयस्कर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे ४३ हर्ट्झच्या स्वराची लहर सुमारे ८ मीटर लांब. ४ मीटर लांबीच्या खोलीत तो स्वर समोरासमोरच्या भिंतींपाशी घुमतो आणि मध्यभागी जवळजवळ लोपतो.

म्हणून प्रथम तारा तपासाव्यात. एकाच स्पीकरची धन व ऋण तार उलट जोडली गेल्यास दोघांचा खर्ज परस्परांना मारक ठरतो. मग आसन मध्यभागातून मागे किंवा पुढे सरकवावे. स्पीकर भिंतीजवळ नेल्यास खर्ज वाढतो, कोपऱ्यात सर्वाधिक. मात्र अतिरेकाने शब्द झाकोळतात. सबवूफर असल्यास तो क्षणभर आसनाच्या जागी ठेवून खोलीभर फिरून ऐकावे. जेथे खर्ज सम व स्वच्छ वाटेल, तेथेच तो मांडावा.

यास एक पैसाही लागत नाही. परंतु खर्ज भिंती ओलांडतो. शेजारी रुग्ण वा परीक्षार्थी असेल, तर एका घरचा आनंद दुसऱ्या घरची पीडा होऊ नये, एवढा विवेक अवश्य असावा.