पाऊण तासाचे काळे पाणी

नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लागली की, मध्यमवर्गीय घरात पूर्वी सण, उपवास आणि लग्नाचे मुहूर्त पाहिले जात. आता सर्वप्रथम पाहिले जाते ते हे की, कोणती सुट्टी शुक्रवारी आणि कोणती सोमवारी आली आहे. शनिवार-रविवारला एक दिवस जोडून मिळाला आणि वर एक रजा टाकली की चार दिवसांचा ‘लाँग वीकएंड’ तयार होतो. महाबळेश्वर आणि गोवा पाहून झालेले असते, विमानप्रवासही आता आवाक्यात आला आहे. त्यामुळे या चार दिवसांत अंदमान ‘उरकून’ येण्याची नवी टूम निघाली आहे.

कुटुंबाने एकत्र प्रवास करावा, मुलांना समुद्र दाखवावा, यात वावगे काहीच नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस विसावा घेतला, तर त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. प्रश्न वेगळाच आहे. ज्या भूमीला आपण तीर्थ म्हणतो, तिच्या वाट्याला आपल्या नियोजनात किती तास येतात?

वेळापत्रकाचे गणित

सहल कंपन्यांच्या आकर्षक पत्रकांवरून एकदा नजर फिरवावी. पहिला दिवस विमानात आणि हॉटेलात सामान टाकण्यात जातो. चेन्नई वा कोलकात्याहून पुढे समुद्रावरचे दोन तासांहून अधिक उड्डाण आहे आणि मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याचा अर्धा दिवस त्यातच संपतो. दुसऱ्या दिवशी पहाटेच बोट पकडायची. स्वराज द्वीपापर्यंत दीड-दोन तासांचा सागरप्रवास, मग राधानगरचा किनारा, पाण्याखालची प्रवाळे आणि छायाचित्रे. तिसरा दिवस परतीच्या बोटीचा, चौथा परतीच्या विमानाचा. या धावपळीत सेल्युलर जेलच्या वाट्याला उरते ती पहिल्या दिवसाची थकलेली दुपार. तीही थंडीच्या दिवसांत लवकर संपते, कारण डिसेंबर-जानेवारीत तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

पाऊण तासात मुख्य द्वारापाशी एक, सावरकरांच्या कोठडीत एक आणि गच्चीवर एक अशी छायाचित्रे निघतात. मुले कंटाळलेली असतात, गाडीवाला घाई करत असतो. अंधार पडल्यावर ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहिला की, कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. सुट्टी कोणत्या वारी आली हे पाहून आपण तिकिटे काढतो, पण स्मारकाची दारे कोणत्या दिवशी बंद असतात हे पाहून तिकिटे काढणारे किती?

त्या भिंती काय सांगतात?

१८५७ चे स्वातंत्र्यसमर दडपल्यानंतर मार्च १८५८ मध्ये बंदिवानांची पहिली तुकडी, सुमारे दोनशे जणांची, या बेटांवर उतरवण्यात आली. सेल्युलर जेलचे बांधकाम १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत झाले. मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या फुटलेल्या सात तीनमजली शाखा आणि त्यांत जवळजवळ सातशे कोठड्या. प्रत्येक कोठडी साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद, उजेडासाठी उंचावर एक झरोका. एका शाखेच्या कोठड्यांचे तोंड दुसऱ्या शाखेच्या पाठीकडे येईल अशी रचना मुद्दाम केलेली. माणसाला माणसाचा चेहरा दिसू नये, ही त्या स्थापत्याची मूळ कल्पना होती. ती गच्चीवरून नीट पाहिल्याशिवाय आणि कोणी समजावून सांगितल्याशिवाय उमगत नाही. पाऊण तासात तर नाहीच.

४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकर या कारागारात आले. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव तेथे आधीपासूनच शिक्षा भोगत होते. एकाच भिंतीआड असूनही दीर्घकाळ या दोन भावांची भेट होऊ शकली नाही. बैलाच्या जागी माणूस जुंपून कोलू फिरवायचा आणि दिवसाकाठी तीस पौंड तेल काढून द्यायचे, हे तेथील नित्याचे काम होते. कागद-लेखणी नाकारली गेली तेव्हा तात्यारावांनी भिंतीवर काट्याखिळ्यांनी कविता कोरल्या आणि त्या मुखोद्गत केल्या. १९२१ साली दोघे बंधू भारतभूमीवर परत आले, तेही बंदिवान म्हणूनच.

अंदमान केवळ सावरकरांचे नाही, हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. छळ असह्य होऊन १९१२ साली इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांचे मानसिक संतुलन ढळले. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न भरवण्याच्या क्रौर्यात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मैत्र यांनी प्राण गमावले. बंगाल, पंजाब, संयुक्त प्रांत, महाराष्ट्र अशा साऱ्या भारताची नावे मनोऱ्यातील संगमरवरी फलकांवर कोरलेली आहेत. ती नावे वाचायलाच तास-दीड तास लागतो. किती कुटुंबे तो देतात?

पाटी काढली तेव्हा…

२००४ साली तत्कालीन केंद्रीय पेट्रोलियम मंत्री मणिशंकर अय्यर यांच्या आदेशाने सेल्युलर जेलमधील स्वातंत्र्यज्योतीजवळची सावरकरांच्या वचनाची पाटी हटवण्यात आली. महाराष्ट्र खवळून उठला. संसदेत गदारोळ झाला, गावोगावी निदर्शने झाली. तो संताप रास्तच होता. पुढे २०१५ साली सावरकरांची पाटी तेथे पुन्हा लागली.

परंतु आज एक कटू प्रश्न आपण स्वतःलाच विचारायला हवा. जी पाटी हटवली म्हणून आपण रस्त्यावर उतरलो, ती प्रत्यक्ष तेथे गेल्यावर थांबून वाचण्याइतका वेळ आपल्यापाशी आहे काय? विरोधकाने केलेला अपमान आपल्याला दिसतो, पण आपल्याच घाईने होणारी उपेक्षा दिसत नाही. हटवलेली पाटी आंदोलनाने परत लावता येते. न वाचलेली पाटी मात्र कोणत्याही आंदोलनाने वाचली जात नाही.

नावे बदलली, जिभा बदलल्या काय?

३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकावला आणि या द्वीपसमूहाला ‘शहीद’ व ‘स्वराज’ ही नावे दिली. त्याच्या पंचाहत्तरीनिमित्त २०१८ साली हॅवलॉक बेटाचे स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. २०२३ साली एकवीस बेटांना परमवीरचक्र विजेत्यांची नावे मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले.

तरीही आपण नातेवाइकांना सांगतो, “आम्ही हॅवलॉक आणि नील करून आलो!” हा नील कोण होता? १८५७ मध्ये अलाहाबाद आणि कानपूर येथे सरसकट फाशी देत सुटलेला इंग्रज सेनानी. हॅवलॉक हाही त्याच मोहिमेतला सेनापती. सरकारने नाव बदलायचे, आपण टाळ्या वाजवायच्या आणि आरक्षण करताना जुनेच नाव घ्यायचे, ही कसली जागृती? राजपत्रातील नाव जिभेवर रुळवण्याचे काम सरकारचे नाही, ते आपले आहे.

माणसे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत

आणखी एका गोष्टीबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला नेणारा रस्ता जारवा वनवासींच्या राखीव अरण्यातून जातो. गाड्यांचे तांडे जिरकाटांगहून ठरावीक वेळी सोडले जातात. या रस्त्याचे काही भाग बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला होता. गुहा हे निमित्त असते. काचेला नाक लावून बसलेल्या अनेक पर्यटकांना खरी उत्सुकता असते ती ‘जारवा दिसतो का’ याची. १९९९ साली या छोट्या समाजात गोवराची साथ पसरली होती. बाहेरच्या संपर्काची किंमत कोण मोजतो, हे त्यातून कळावे.

वनवासी हे आपलेच बांधव आहेत, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. मग बांधवाला पाहायला प्राणिसंग्रहालयाची नजर घेऊन कोणी जाते काय? त्यांची छायाचित्रे काढणे कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी संस्काराने ते निषिद्धच असायला हवे होते. आपल्या सहलीतून ही एक फेरी आपण वगळली, तर काहीही बिघडणार नाही.

मग नियोजन कसे करावे?

सुट्टी चारच दिवसांची असेल, तर स्वराज द्वीपाचा मोह सोडावा. ज्याला दोन्ही हवे, त्याने सहा-सात दिवस काढावेत. दोन जोडसुट्ट्यांच्या रजा एकत्र केल्या, तर तेही अशक्य नाही. चार दिवसांतील दोन पूर्ण दिवस हाती आले, तरी श्री विजयपुरमच्या परिसरातच ते सार्थकी लागतात. पोहोचल्या दिवशी जमल्यास ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या मनाने कारागारात जावे, माहीतगार मार्गदर्शक घ्यावा आणि घड्याळ खिशात ठेवावे. दुपारी नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर जावे. तेथे झाडांच्या मुळांनी गिळलेले इंग्रज अधिकाऱ्यांचे चर्च आणि नृत्यगृहाचे अवशेष आहेत. समोरच्या तीरावर माणसे कोलूला जुंपलेली असताना येथे नाच चालत, एवढे एक वाक्य मुलांना पुरेसे आहे.

तिसऱ्या दिवशी माउंट मणिपूरला जावे. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराजा कुलचंद्र आणि त्यांचे सहकारी येथेच बंदिवासात होते. त्या स्मृतीसाठी २०२१ साली माउंट हॅरिएट या टेकडीला हे नाव दिले गेले. हम्फ्रीगंजचे स्मारकही पाहावे. ३० जानेवारी १९४४ रोजी जपानी सैन्याने हेरगिरीच्या आरोपावरून ४४ भारतीयांना तेथे गोळ्या घातल्या. इतिहास सोयीचा तेवढाच पाहायचा नसतो. आणि समुद्र? तो तर शहराच्या कडेलाच आहे. कॉर्बिन्स कोव्हच्या किनाऱ्यावर मुले मनसोक्त खेळतील आणि चिडिया टापूचा सूर्यास्त कोणत्याही पत्रकातील चित्रापेक्षा कमी नाही. आपला कचरा मात्र तेथे सोडू नये. बेटावर जागा थोडी असते.

या नियोजनाची सुरुवात तिकिटांपासून नव्हे, तर घरातील पुस्तकांच्या कपाटापासून व्हावी. निघण्यापूर्वी महिनाभर ‘माझी जन्मठेप’ घरात मोठ्याने वाचले जावे. आज वडिलांनी एक प्रकरण वाचावे, उद्या मुलीने. मग त्या कोठडीच्या दाराशी उभे राहिल्यावर “येथे काय पाहायचे?” असा प्रश्न कोणतेही मूल विचारणार नाही.

तीर्थयात्रेला निघणारा आपला पूर्वज आधी व्रत घेत असे, मग वाटेला लागत असे. आपण वाटेला लागतो आणि व्रत विसरतो. ज्यांनी त्या कोठड्यांत दहा-दहा वर्षे घालवली, त्यांच्यासाठी आपल्या चार दिवसांतील एक संपूर्ण दिवस देणे हा त्याग नव्हे. ते ऋणाचे व्याजही नव्हे. पण निदान ऋण मान्य असल्याची ती खूण ठरेल. येत्या जोडसुट्टीचे आरक्षण करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एवढा हिशेब अवश्य करावा.