बंद दारांआडची घटना

अमेरिकेच्या राज्यघटनेविषयी आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोलले जाते. एक पक्ष तिच्या निर्मात्यांना ऋषींच्या पंक्तीस बसवतो. दुसरा, आणि त्यात आपल्यापैकी पुष्कळजण आहेत, ती सावकार व मळेवाल्यांची सनद म्हणून बाजूस सारतो. १७८६ सालच्या मॅसॅच्युसेट्समध्ये डोकावण्याचे कष्ट दोघेही घेत नाहीत.

स्वातंत्र्ययुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी राज्य सरकारने जबर कर बसवले आणि ते रोख नाण्यात मागितले. खेड्यांत नाणे होतेच कुठे? जनावरे व जमिनी जप्त होऊ लागल्या, ऋणको तुरुंगात पडले. त्यांत कालपरवा देशासाठी लढलेले शिपाईही होते. अखेर शेतकऱ्यांनी न्यायालयांना वेढे घालून कर्जाचे खटले बंद पाडले. डॅनियल शेज हा त्यांचा एक पुढारी, युद्धातला कप्तान. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेलेल्या या लोकांवर तोफा डागण्यात आल्या. चौघे ठार झाले. बंड मोडणाऱ्या फौजेचा खर्च मुख्यतः बोस्टनच्या धनिक व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून झाला होता!

चारच महिन्यांनी फिलाडेल्फियात घटना परिषद भरली. पंचावन्न प्रतिनिधी, दारे बंद, बाहेर अवाक्षर न काढण्याचा नियम. मॅडिसनची टिपणे लोकांसमोर आली ती १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. शेजच्या बंडाचे भय त्या मसुद्यात स्पष्ट वाचता येते. राज्यांनी कागदी चलन काढू नये, करारांचे बंधन सैल करणारे कायदे करू नयेत, असे निर्बंध घातले गेले. सिनेटची निवड लोकांकडे न देता राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपवली; ती थेट मतदारांकडे आली १९१३ मध्ये. आणि प्रतिनिधित्वाच्या गणतीत पाच गुलाम म्हणजे तीन माणसे धरताना ‘गुलाम’ हा शब्द मात्र लेखणीने टाळला. लाज होती, पण ती शब्दापुरतीच.

येथवर टीकाकारांचे म्हणणे खरे आहे. परंतु मसुद्याला राज्याराज्यांतील परिषदांची संमती घ्यावी लागली, आणि तेथे गोष्ट पालटली. मॅसॅच्युसेट्समध्ये तो १८७ विरुद्ध १६८ मतांनी कसाबसा तरला. तोही दुरुस्त्यांची शिफारस जोडून. नागरिकांच्या हक्कांची सनद घालावी ही सूचना फिलाडेल्फियाने सप्टेंबरात फेटाळलेली होती. तीच सनद विरोधकांच्या रेट्यामुळे १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्यांच्या रूपाने आली. भाषण, मुद्रण व सभा यांच्या ज्या स्वातंत्र्याचे श्रेय घटनाकारांच्या पदरात घातले जाते, ते असे दाराबाहेरच्यांनी वसूल केलेले आहे.

गुलामगिरी घटनेतून गेली ती १८६५ मध्ये, यादवी युद्धाचा रक्तपात झाल्यावर. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या सज्जनांना, घटनाकारांना नव्हे. स्त्रियांचा मताधिकार घटनेत यायला १९२० साल उजाडले.

सिनेटमध्ये मात्र चिमुकल्या वायोमिंगला आणि अफाट लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाला आजही दोनच जागा आहेत. कोणत्याही राज्याचे हे समान स्थान त्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही, ही तरतूद त्या बंद खोलीतच करून ठेवलेली आहे.