पारण्याची भीती

अलोऱ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत. त्यातच आपलं पर्युषण येतं.

मागच्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका कॉलेजच्या मुलीने अठ्ठाई केली. आम्ही सगळ्या अनुमोदनेला गेलो. "केवढं गं तुझं मनोबल!" असं तोंडभर कौतुक मीही केलं. पारण्याच्या सकाळी मुगाच्या पाण्याची वाटी पुढे आली आणि ती रडायला लागली. आम्हाला वाटलं, भाव दाटून आले. खरं तर तिला खायचीच भीती वाटत होती.

मग एकेक कळत गेलं. वर्षभर ताट टाळणं चालू होतं: आज एकासणं, उद्या आयंबिल, परवा पोट बरं नाही. पाळी तीन महिने आली नव्हती. मैत्रिणी तुटल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, खाण्याचा विकार आहे आणि नैराश्यही.

नैराश्यात भूक मरते किंवा भलतीच वाढते, हे आपण पाहतो. उलट दिशेने काय होतं, ते मला ठाऊक नव्हतं. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे नेहमीच्या साधारण निम्मंच अन्न दिलं. (युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले तरुण हे, वाचून मला उगाच आपलेपणा वाटला.) वजन जवळपास चौथाईने उतरलं. सोबत चिडचिड, उदासी आली, कशातच रस राहिला नाही, डोक्यात रात्रंदिवस फक्त अन्न. अर्धपोटी राहूनच चांगली मनं अशी झाली. मग आधीच खचलेल्या मुलीचं काय होत असेल!

मी तपाविरुद्ध नाही. माझ्या सासूबाईंनी मासखमण केलंय आणि पारण्याला त्या हसत बसल्या होत्या. पण तत्त्वार्थसूत्रातही तप शक्तीप्रमाणे सांगितलंय, आणि मनात आर्तध्यान चालू असताना नुसतं न जेवणं म्हणजे तप नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. तपस्वीला आपण साता विचारतो ती शरीराची. पोरीला एकटीला गाठून मनाचीही विचारा. पारण्याचं नाव काढल्यावर चेहरा उतरला, तर पच्चक्खाण राहू दे, आधी डॉक्टर. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, पाटी बघून बिचकू नका.

यंदा तिने पुन्हा अठ्ठाईचा विषय काढला. आईने सरळ नाही म्हटलं. दोन दिवस घरात अबोला होता, नातेवाइकांनीही नावं ठेवली. मी त्या आईच्या बाजूने आहे.